सोनौली बॉर्डरवर भन्सारच्या नावाखाली आम्हाला कसं गंडवलं

स्वतःची गाडी घेऊन नेपाळला जाणाऱ्या सगळ्यांनी हे वाचा, त्यात सोबत आईवडील असतील आणि पहिल्यांदाच जात असाल तर नक्कीच वाचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये, दिवाळी आटपून, आम्ही उत्तर प्रदेशातल्या सोनौलीवरून पलीकडे नेपाळात गेलो. तिथल्या एका एजंटने असं गंडवलं की पैसे तर गेलेच, वर ट्रिप अर्ध्यातून मोडली आणि ज्या पशुपतीनाथासाठी आई एवढ्या लांबचा प्रवास गुडघे धरून करत आली ते दर्शन राहिलं. पैशाचं मी सोडून देईन एक वेळ, दर्शनाचं नाही सोडू शकत, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी खरं काय असतं ते सांगतो, म्हणजे त्याने काय काय थापा मारल्या ते कळेल. भारतीय माणसाला नेपाळला जायला व्हिसा लागत नाही, १९५० च्या करारापासून ये-जा मोकळी आहे, आणि माणशी काढायचं "टुरिस्ट परमिट" असा काही प्रकार बॉर्डरवर आपल्यासाठी नाहीच. सोबत पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. १५ च्या खालची मुलं आणि ६५ च्या वरची माणसं यांचं आधारवरही भागतं. माणसांचं एवढंच. गाडीचा कागद मात्र लागतो, त्याला तिकडे भन्सार म्हणतात, म्हणजे कस्टम्सची पावती. ती पलीकडच्या बाजूला बेलहियाच्या भन्सार कार्यालयात मिळते, आरसी, लायसन्स आणि ओळखपत्र दाखवायचं, किती दिवस राहणार ते सांगायचं, दिवसाच्या हिशोबाने पैसे भरायचे. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं अधिकारपत्र जवळ ठेवा. आपली गाडी वर्षाला जास्तीत जास्त ३० दिवस तिकडे राहू शकते. पावती झाली की जवळच यातायातचं, म्हणजे तिथल्या वाहतूक खात्याच्या परवान्याचं, बघायचं आणि निघायचं.

आता आमचं काय झालं. सोनौलीत शिरायच्या आधीच ट्रकची भली मोठी रांग लागलेली असते, गाडी इंच इंच पुढे सरकते, आणि तेवढ्यात काचेवर टकटक होते. गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र, हातात फाइल, बोलायला एकदम अदबशीर. एमएच पासिंग बघून त्याने आधी "काका, शिर्डीवाले क्या?" असं बाबांशी सुरू केलं आणि दोन मिनिटांत गाडीत कोण कोण आहे, कुठे चाललोत, किती दिवस, सगळं काढून घेतलं. मग म्हणाला, "आज शनिवार है सर, नेपाल में छुट्टी है, काउंटर पे काम नहीं होगा, मैं अंदर से करवा दूँगा." आता नेपाळमध्ये शनिवारी सुट्टी असते हे खरंच आहे, मी ते आधी वाचलं होतं, त्यामुळे त्याचं बोलणं एकदम पटणारं वाटलं. पुढे कळलं की बॉर्डरवरची भन्सारची खिडकी त्या दिवशीही चालूच होती, लोक रांगेत उभे राहून स्वतः पावत्या करून घेत होते.

या लोकांचं सगळं असंच असतं, अर्धं खरं आणि अर्धं खोटं. बाबा सत्तरीचे, त्यांच्याकडे आधार होतं. तो लगेच म्हणाला आधार नेपाळमध्ये चालत नाही. हेही अर्धं खरं, मला किंवा बायकोला नुसत्या आधारवर अडवू शकतात, पण बाबांचं वय ६५ च्या वर, त्यांना ते चालतं. तो वयाचं काही बोललाच नाही. म्हणाला, बुजुर्गांसाठी टुरिस्ट परमिट काढावं लागेल, आणि एकाचं काढलं की गाडीतल्या सगळ्यांचं काढावं लागतं, नाहीतर पुढे पोलीस उतरवतील. आई हे ऐकून घाबरली. म्हातारी माणसं गाडीत असली की आपण वाद घालत बसत नाही, कसंही करून काम होऊ दे म्हणतो, आणि त्यांना हे बरोबर माहीत असतं.

मग त्याने आरसी आणि लायसन्स मागितलं, ओरिजिनल, झेरॉक्स नको म्हणाला. ते हातात पडल्यावर आम्हाला एका दुकानासमोर गाडी लावायला सांगून तो गेला तो बराच वेळ आलाच नाही. इथून पुढे बोलायला जागाच राहत नाही, कारण तुमचे कागद त्याच्याकडे. परत आला तेव्हा हिशोब असा की दहा दिवसांचं भन्सार, माणशी परमिट, यातायात, गाडीचा नेपाळचा इन्शुरन्स आणि त्याचा चार्ज, सगळं मिळून साडेआठ हजार. मी म्हटलं पावती दाखव, तर त्याने फाइलमधून कागदांचा गठ्ठा काढला, त्यात पावती मधोमध घडी घालून, वर आरसीची झेरॉक्स स्टेपल केलेली, घडीच्या बाहेर फक्त गाडीचा नंबर दिसेल अशी. "इसको ऐसे ही रखिए, खोलिए मत, चेकिंग में ऐसे ही दिखाना है." परमिट म्हणून आम्हा प्रत्येकाचं नाव लिहिलेला एक छापील फॉर्म दिला, त्यावर गोल शिक्का, शिक्क्यातलं अक्षर काही वाचता येत नव्हतं.

पहिली लबाडी पैशाची. बॉर्डरवर सगळे आयसी आणि एनसी म्हणतात, आयसी म्हणजे आपले रुपये, एनसी म्हणजे नेपाळी. आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, हा दर कित्येक वर्षं ठरलेला आहे, रोज बदलत नाही. भन्सारचा दर आणि पावतीवरचा आकडा एनसीमध्ये असतो. एजंट काय करतो, आकडा एनसीचा सांगतो आणि नोटा आयसीच्या घेतो, दोन्हीकडे शब्द रुपयेच असल्यामुळे कुणाला काही वावगं वाटत नाही. म्हणजे दुसरी काहीच चोरी केली नाही तरी १६० एनसीच्या जागी तुमचे १६० आयसी गेले, ते झाले २५६ एनसी. आमच्या पावतीवरचा आकडा तर दोन हजारांच्याही आतला होता, तोही एनसी, आणि घेतले साडेआठ हजार आयसी.

दुसरी लबाडी तारखेची, आणि आम्हाला खरं हिनेच बुडवलं. नेपाळची पावती विक्रम संवताच्या तारखेने निघते. आमच्या पावतीवर शेवटची तारीख होती २०८१/०७/२६. पोखऱ्याला हॉटेलात मी ती घडी उघडून बघितली होती, पण काय बोध होणार? वर्ष २०८१, महिना सातवा. आपण चैत्रापासून मोजतो, सातवा म्हणजे आश्विन, तो तर दिवाळीला संपला. त्यांचं वर्ष वैशाखापासून सुरू होतं, त्यामुळे त्यांचा सातवा म्हणजे कार्तिक. आणि त्यांचा कार्तिकही आपला कार्तिक नाही, त्यांचे महिने सूर्यावर चालतात. आम्ही ९ नोव्हेंबरला शिरलो तेव्हा आपल्या कालनिर्णयात कार्तिक नुकताच लागलेला आणि तिकडे कार्तिकची २४ तारीख. म्हणजे २६ कार्तिक हा झाला ११ नोव्हेंबर. दहा दिवसांचे पैसे घेऊन त्याने तीन दिवसांची पावती केली होती! खरं तर तिथे २०८१/०८/०३ असायला हवं होतं, म्हणजे १८ नोव्हेंबर. देवनागरी आकडे आपल्याला वाचता येतात, म्हणून सगळं समजतंय असं वाटतं, आणि हे लोक नेमका त्याचाच फायदा घेतात.

लुंबिनी झालं, पाल्प्याच्या घाटातून पोखरा झालं, तिथले दिवस छानच गेले, कुणी अडवलं नाही. पोखऱ्याहून काठमांडूला निघालो आणि मुगलिंगला ट्रॅफिक पोलिसाने बाजूला घेतलं. गठ्ठा दिला, त्याने स्टेपल काढून पावती सरळ केली, बोट ठेवलं आणि म्हणाला, "म्याद सकियो." मुदत संपली. मी ते परमिटचे फॉर्म पुढे केले तर त्याने ते उलटसुलट बघून मला परत दिले, म्हणाला हे काहीच नाही. माणूस चांगला होता, आवाज चढवला नाही, आईबाबांकडे बघून पाणी वगैरे विचारलं, पण स्पष्ट सांगितलं की पुढे काठमांडूत शिरताना थानकोटला परत चेकिंग आहे, संपलेल्या कागदावर गाडी नेऊ नका, भन्सारला जाऊन मिटवा. आम्ही रस्त्याच्या कडेला बराच वेळ नुसते बसून राहिलो. शेवटी गाडी वळवली. आई काही बोलली नाही, पर्समधला नारळ काढून तिने मागच्या सीटवर ठेवला.

मुगलिंगवरून नारायणघाट आणि तिथून बुटवल, हा रस्ता तेव्हा रुंदीकरणामुळे खोदून ठेवलेला, नुसती धूळ आणि खड्डे, बाबांची कंबर धरली. दुसऱ्या दिवशी बेलहियाला पोचलो. भन्सारच्या खिडकीवरच्या माणसाने कॉम्प्युटरवर गाडीचा नंबर टाकून सगळं समजावून सांगितलं, जास्तीच्या दिवसांचे पैसे आणि दंड भरायला लागला, त्याची रीतसर पावती दिली. त्याला मी एजंटचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला की खिडकीवर कागद घेऊन जो येतो त्याने जेवढे दिवस सांगितले तेवढ्याच दिवसांची पावती निघते, बाहेर तुमच्याकडून किती घेतले ते आम्हाला कसं कळणार. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. एजंटचा फोन तर आम्ही शिरलो त्याच रात्रीपासून बंद होता. सोनौली चौकीत लेखी अर्ज देऊन आलोय, फॉर्म आणि पावतीच्या कॉप्या जोडल्यात.

इन्शुरन्सचं पण सांगतो, त्याने त्याचे पैसे घेतले पण कागद काहीच दिला नाही. तुमच्या पॉलिसीलाच नेपाळचं एक्स्टेन्शन जोडून मिळतं, थोडा जास्त प्रीमियम भरून, निघायच्या आधी आपल्या कंपनीला विचारा. मुक्तिनाथला जाणार असाल तर अन्नपूर्णा भागाचं परमिट खरंच लागतं, पण ते पोखऱ्यात मिळतं, सोनौलीतल्या कुणाचाही त्याच्याशी संबंध नाही.

आता जाणार असाल तर काचेवर कुणी टकटक केलं तरी गाडी थांबवू नका, सरळ पलीकडे बेलहियाला जा, गाडी कडेला लावा आणि खिडकीवर स्वतः उभे राहा, रांग असली तरी. ओरिजिनल आरसी कुणाच्याही हातात देऊन त्याला नजरेआड होऊ देऊ नका. पैसे देताना आयसी की एनसी हे तोंडाने विचारा. पावती हातात आली की तिथेच, खिडकी सोडायच्या आधी, शेवटची तारीख इंग्रजी महिन्यात कुठली ते विचारून पावतीच्या मागे पेनने लिहून घ्या. मोबाइलमध्ये हाम्रो पात्रो हे नेपाळी कॅलेंडरचं ॲप टाकून ठेवा, त्यात दोन्ही तारखा दिसतात. आणि परत येताना पावती भन्सारला दाखवून गाडी बाहेर पडल्याची नोंद करून घ्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा, त्यांचं वर्ष एप्रिलच्या १३-१४ तारखेला बदलतं. म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला शिरलात तर पावतीवर सुरुवातीची तारीख जुन्या वर्षाच्या बाराव्या महिन्याची दिसेल आणि शेवटची नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्याची असू शकते, ते बघून गोंधळू नका, पण दिवस मात्र मोजूनच घ्या.