होल्टर मॉनिटर लावून घेतला, कसा वाटला ते सांगते

मधेच धडधड व्हायची, एखादा ठोका चुकल्यासारखं वाटायचं आणि डॉक्टरांकडे पोचेपर्यंत सगळं नॉर्मल, म्हणून त्यांनी होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं ईसीजीचं छोटं मशीन, लावायला सांगितला. साधा ईसीजी जेमतेम १० सेकंदांचा असतो हो, त्यात नेमकी तीच गडबड कशी सापडणार? होल्टर २४ ते ४८ तास प्रत्येक ठोका नोंदवतो, दिवसाचे साधारण लाखभर ठोके होतात.

मशीन छोटंसं आहे, कमरेला अडकवायचं, छातीवर इलेक्ट्रोड चिकटवतात आणि त्यांच्या वायरी मशीनला जोडतात. दुखत अजिबात नाही पण चिकटपट्टीखाली खाज सुटते, अंघोळ बंद, आणि रात्री कूस बदलली की वायर ओढली जाते त्यामुळे झोप काही धड लागली नाही. एवढं सोसावं लागतं.

खरं काम करते ती सोबत दिलेली डायरी. धडधड झाली की बटण दाबायचं आणि वेळ, तेव्हा काय करत होतो ते लगेच लिहायचं, संध्याकाळी आठवून लिहिलं तर काही उपयोग नाही कारण डॉक्टर ती वेळ ग्राफशी जुळवून बघतात. आणि प्लीज दिवसभर पडून राहू नका! जिने चढा, रोजची कामं करा, त्रास होतो तेव्हाचीच नोंद हवी असते ना.

माझ्या रिपोर्टमध्ये थोडे एक्स्ट्रा बीट्स निघाले, ते धडधाकट माणसांनाही येतात म्हणाले. डॉक्टरांना शंका होती एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या आजाराची, त्यात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेली तर स्ट्रोक येऊ शकतो. ते दिसलं नाही, खूप हायसं वाटलं.

रोज त्रास होत असेल तर होल्टर एकदम उपयोगी. पण आठवड्यातून एखाद्या वेळीच होत असेल तर एका दिवसात बहुधा काहीच सापडणार नाही, आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून विषय संपवू नका, छातीवर चिकटवायच्या, १४ दिवसांपर्यंत चालणाऱ्या पॅचबद्दल डॉक्टरांना विचारा, त्याला वायरीच नसतात. स्मार्टवॉच इशारा देतं तेवढं ठीक, पण त्यातला ईसीजी तुम्ही बोट ठेवाल तेव्हाच निघतो.

अजून एक, साधा होल्टर फक्त नोंद ठेवतो, कुणालाही कळवत नाही. छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडलात तर मशीन लावलंय म्हणून थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.