काकांच्या दुकानात स्ट्रॅपी बसवलं, महिना झाला, त्याचा रिव्ह्यू

स्ट्रॅपी म्हणजे वेबसाइटचा मजकूर लिहून साठवायचं सॉफ्टवेअर, ज्याला सीएमएस म्हणतात. आधीच सांगतो, मी काही मोठा डेव्हलपर वगैरे नाही. नाशिकात बसून छोट्यामोठ्या वेबसाइट करून देतो, कोणाचं लॉन, कोणाचा क्लास, कोणाचं हॉटेल, आणि आजवर सगळ्यांच्या गळ्यात वर्डप्रेसच मारलंय. पण काकांचं दिंडोरी रोडला कृषी सेवा केंद्र आहे आणि त्यांचं प्रकरण वेगळं निघालं. द्राक्षवाल्यांना ते रोज सकाळी काउंटरवर जो सल्ला तोंडी देतात, छाटणीनंतर कितवा दिवस चालू आहे, डाऊनीला काय, भुरीला काय (हे द्राक्षावरचे बुरशीचे रोग), काय अजिबात मारायचं नाही, तो वेबसाइटवर पाहिजे, दुकानातल्या टीव्हीवर पाहिजे आणि चुलतभाऊ ॲप करतोय त्यातही पाहिजे. आणि लिहिणार एकदाच. "तीन ठिकाणी टायपायला मी काय रिकामा बसलोय का रे?" असं म्हणाले.

म्हणून हेडलेसच्या वाटेला गेलो, म्हणजे सीएमएस फक्त मजकूर सांभाळणार, दाखवायची पानं वेगळी. काकांना ते समजावताना माझी पार तारांबळ उडाली, शेवटी म्हटलं काका, माल एकाच ठिकाणी ग्रेडिंग करून ठेवायचा, पेटी कुठल्या मार्केटला जाणार ते इथे ठरवायचं नाही. तर म्हणे "मग पॅकहाऊस म्हण ना, हेडलेस काय हेडलेस." तेव्हापासून आमच्यात त्याला पॅकहाऊसच म्हणतात.

स्ट्रॅपी घेतलं कारण कम्युनिटी एडिशन एमआयटी या मोकळ्या लायसन्सवर आहे, स्वतःच्या सर्व्हरवर फुकट चालतं, आणि नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवतं ते) आहे म्हणजे मला थोडंफार कळतं. लॅपटॉपवर टाकायला एक कमांड, काही प्रश्न विचारतं, डेटाबेस नाही सांगितला तर एसक्यूलाइट हा साधा डेटाबेस घेतं, आणि ब्राउझरमध्ये १३३७ पोर्टवर ॲडमिन उघडतं. चहा निवायच्या आत झालं हे, खोटं नाही सांगत. नोडचं व्हर्जन मात्र सम आकड्याचं एलटीएसच (जास्त काळ अपडेट मिळणारं) घ्या, मी २२ वर आहे.

खरी मजा आणि खरी डोकेदुखी दोन्ही कंटेंट टाइप, म्हणजे नोंदीचा साचा, बनवण्यात आहे. फील्ड निवडत जायचं, टेक्स्ट, नंबर, तारीख, फोटो, रिलेशन, आणि सेव्ह केलं की एपीआय (वेबसाइट, ॲप जिथून डेटा उचलतात तो पत्ता) तयार, एक ओळ कोड नाही. मी झोकात "छाटणीनंतर दिवस" हे फील्ड टेक्स्ट ठेवलं. काकांनी लिहायला सुरुवात केली, कुठे "३५-४०", कुठे "पस्तीस च्या पुढं", एका ठिकाणी "मणी ज्वारीएवढे झाले की". वाचायला झकास! पण ॲपमध्ये शेतकरी छाटणीची तारीख टाकणार आणि त्याला आज ३८ व्या दिवसाचा सल्ला दिसणार असं ठरलेलं, आता "ज्वारीएवढे" ला फिल्टर कसा लावू? मग ते फील्ड काढून दोन नंबर फील्ड केले, पासून आणि पर्यंत. पासून ३८ किंवा कमी, पर्यंत ३८ किंवा जास्त, एवढं एपीआयच्या पत्त्यातच लिहिता येतं आणि बरोबर तेवढेच सल्ले येतात, हा भाग मला फार आवडला. ज्वारी, बाजरी, वाटाणा हे वेगळ्या टेक्स्ट फील्डमध्ये ठेवलं, कारण शेतकरी बघणार तेच, दिवस आपण मोजायचे.

फक्त एक, फील्ड काढलं की त्यातला डेटापण जातो, नुसतं नाव बदललं तरी जुनं काढून नवीन केल्यासारखंच होतं. बॅकअप न घेता हे केलं ती माझी अक्कल, काकांनी टाकलेल्या चाळीसेक नोंदींचे दिवस मी रात्री बसून व्हॉट्सॲपच्या जुन्या मेसेजमधून परत भरले. एक्सपोर्टची कमांड आहे त्यात, आधी ती मारायची मग हात लावायचा.

पुढे ४०३, म्हणजे परवानगी नाही असा एरर. सगळं करून एपीआय उघडलं तर फॉरबिडन, अर्धा तास मी राउटरवर संशय घेत बसलो. तर मुळात पब्लिकला सगळं बंदच असतं, सेटिंगमध्ये रोल्सच्या आत जाऊन एकेका गोष्टीला टिक करावी लागते. योग्यच आहे ते. फक्त वाचायच्या टिका द्या, उत्साहात डिलीटला देऊ नका. फोटोही आपोआप येत नाहीत, एपीआयच्या पत्त्यात पॉप्युलेट लिहून मागावे लागतात. आणि यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघत असाल तर जपून, व्हर्जन ४ मध्ये डेटा ॲट्रिब्यूट्सच्या आत यायचा, ५ मध्ये सरळ येतो, त्यामुळे व्हिडिओतलं जसंच्या तसं उतरवलं की टीव्हीवर सगळीकडे अनडिफाइंड, म्हणजे डेटा सापडलाच नाही.

सर्व्हरला मी कंजूषपणा केला, १ जीबी रॅमचा सगळ्यात स्वस्त प्लॅन घेतला आणि बिल्ड करताना प्रोसेस नुसती किल्ड. डॉक्युमेंटेशनमध्ये कमीत कमी २ जीबी लिहिलेलं आहे, वाचायचं कोणी? प्लॅन वाढवला, डेटाबेसला पोस्टग्रेस, पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, झालं काम. प्रॉडक्शनवर, म्हणजे चालू सर्व्हरवर, कंटेंट टाइप बदलता येत नाहीत, ते लॅपटॉपवर बदलून गिटने (कोडमधले बदल सांभाळणारं टूल) वर ढकलायचं. सुरुवातीला वैताग आला, पण काकांच्या हातात ॲडमिन दिल्यावर हे किती बरंय ते कळलं.

मराठीचं म्हणाल तर मजकूर बिनधास्त मराठीत, काही अडचण नाही. लिंकसाठी जे यूआयडी फील्ड असतं त्यात मात्र देवनागरी चालत नाही, रोमन अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं एवढंच, म्हणून तेवढं मी भरतो. फॉर्मवरची लेबलं मराठीत करता येतात, मी "प्रमाण", "काढणीआधी किती दिवस थांबायचं", "काय मिसळू नये" अशी केली आणि तिथून काकांचा हात मोकळा झाला.

पहिल्या आठवड्यात सकाळी सातला फोन. "बाळा, टीव्ही कालचंच दाखवतोय, गिऱ्हाईक उभंय समोर." म्हटलं काका, पब्लिश दाबलंत का? "सेव्ह केलं की." सेव्ह म्हणजे ड्राफ्ट काका, ते फक्त तुम्हाला दिसतं. दोन सेकंद शांतता, मग फोनमधून माझ्या कानापर्यंत "आला, आला" असा गिऱ्हाईकाचाच आवाज. त्यानंतर या कारणासाठी फोन नाही.

तर पाचपैकी चार. एक कापला कारण पुढची वेबसाइट, टीव्हीचं पान, सगळं तुम्हालाच बनवायचंय, आणि गिऱ्हाईकाला वाटतं सीएमएस बसवलं म्हणजे साइट झाली. नुसती चार पानांची साइट असेल तर वर्डप्रेसच घ्या, उगाच पॅकहाऊस बांधू नका. काका आता विचारतायत पब्लिश केलं की व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आपोआप जाईल का. वेबहुक (काही बदललं की दुसऱ्या सेवेला आपोआप कळवणारी सोय) आहे त्यात, बघू म्हटलं, ऑक्टोबर छाटणीची गर्दी उरकू द्या आधी.