आत्याची एफडी आणि चोवीस महिन्यांचं 'पॅकेज'

तीस वर्षं दुकानाची वही मी लिहितो. तरी ५,३६,००० रुपये घालवून बसलो. आणि तेही माझे नव्हेत, आत्याचे.

आत्या ८१ वर्षांची, बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्याकडेच असते. शाळेत हेडक्लार्क होती. तीन वर्षांपासून डिमेन्शिया. रात्री अडीचला उठून दाराची कडी काढते, शाळेला उशीर झाला म्हणते. एकदा सुरसागर तलावापाशी अनवाणी सापडली. बायकोची कंबर गेली, माझी झोप. "एवढी घाई कशाला केलीत?" असं विचारणाऱ्यांनी आधी आमच्याकडे एक रात्र काढावी.

घरी माणूस सांभाळायला बाया पुरवणाऱ्या एका ब्युरोकडून बाई मिळाली. नोंदणीचे ११,०००, डिपॉझिट ४५,०००. बाई चांगली होती हो, आत्याची वेणी घालायची, तिच्याशी शाळेच्या गप्पा मारायची. तिच्यामुळेच तर भुललो. मग मॅनेजर पेढे घेऊन घरी आला. चोवीस तासांच्या बाईचे महिना २४,०००. वीस महिन्यांचे एकदम भरा, चोवीस महिने सेवा घ्या. दर वाढणार नाही, मध्येच काही बरंवाईट झालं तर उरलेले परत. हिशेब मीच मांडला: ९६,००० वाचतात. ४,८०,००० एकरकमी! दोन वर्षांचे पैसे आधी मागणारा माणूस दोन वर्षं टिकणार का, हे नाही मांडलं.

आत्याची ६ लाखांची एफडी होती, माझ्यासोबत जोडनावावर, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे मुदत संपल्यावर कोणाही एकाच्या सहीने पैसे मिळणारी. मुदतीआधी मोडायची म्हणून दोघांच्या सह्या लागल्या. फॉर्म जेवणाच्या टेबलावर ठेवले. आत्याने चष्मा लावला, पैसे पाठवायच्या आरटीजीएस फॉर्मवर बोट फिरवत नेलं आणि एका ओळीवर थांबली. "हा कोण? संस्थेचं नाव कुठाय? आणि पावती?"

तिथे एका माणसाचं नाव होतं, माझ्याच अक्षरात. ऑडिटमुळे ब्युरोचं खातं अडकलंय, भागीदाराच्या खात्यात टाका, असं मॅनेजर म्हणाला होता. मी म्हटलं, "आत्या, तुला नाही कळायचं. इथे सही कर." तिने केली. सकाळी काय खाल्लं ते जिला आठवत नाही, तिला दिसलं ते मला दिसलं नाही.

नवव्या दिवशी बाई आली नाही. फोन बंद, ऑफिसला कुलूप. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, तुमच्याआधी चार जण येऊन गेले.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लावायचा फोन पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो. मी लावला बाराव्या दिवशी. बँक म्हणते, सही करून तुम्हीच पाठवलेत. मुदतीआधी मोडल्याचा दंड मात्र चोख कापला. पोलीस ठाण्यात "सिव्हिल मॅटर छे, अरजी आपी दो." ब्युरोचं ऑफिस आमच्या हद्दीत नाही, तिकडे जा. तिकडे म्हणाले, तुमचं घर आमच्याकडे नाही. हद्द कुठलीही असो, खबर नोंदवून घ्यायची, असं १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्याचं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम १७३ सांगतं. वकिलाकडून त्याची प्रत नेली. हवालदाराने तिच्यावर चहाचा कप ठेवला. वर विचारतो, "फोईबांना समजत नाही म्हणता, मग सही कोणी घेतली?" पैसे आमचे गेले आणि घाम मलाच फुटला. पुण्याचा चुलतभाऊ, जो चार वर्षांत फिरकला नाही, तोही आता पासबुकाचे फोटो मागतो.

महिना भरल्याशिवाय महिन्याचे पैसे देऊ नका, बाई कितीही गोड असो. व्यवहार ब्युरोशी असेल तर माणसाच्या नावावर रुपया टाकू नका. आणि मुखत्यारपत्र करून ठेवलंय म्हणून निश्चिंत असाल, तर ऐका: ज्याने ते दिलं त्याची समज गेली की ते संपतं, १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१. पुढे पालक नेमून घ्यायला हायकोर्ट गाठावं लागतं, असं वकील म्हणाले. हे सांगायची फी २,०००.

एफडीतले १,२०,००० उरलेत. त्यातून नव्या बाईचा पगार द्यायचा की वकिलाची पुढची फी, ते आत्या झोपल्यावर आम्ही मोजत बसतो. अरजीचं काय झालं विचारलं, तर साहेब बंदोबस्तात आहेत.