पहिला जाल्लो कोणता बघावा: बाव्हाचा की आर्जेन्तोचा?

इटालियन जाल्लो, म्हणजे तिथले खुनांचे रहस्यपट, बघायला सुरुवात करायची म्हटली की दोन नावं हमखास पुढे येतात: मारियो बाव्हाचा 'ब्लड अँड ब्लॅक लेस' (1964) आणि दारियो आर्जेन्तोचा 'डीप रेड' (1975). मोंडादोरी प्रकाशनाने 1929 पासून पिवळ्या (इटालियनमध्ये 'जाल्लो') मुखपृष्ठांत काढलेल्या रहस्यकथांवरून या प्रकाराला नाव मिळालं, आणि रहस्यकथेचा मूळ सांगाडा दोन्ही चित्रपटांत शाबूत आहे. काळे हातमोजे घातलेला, चेहरा न दिसणारा खुनी, खुनांची मालिका आणि 'हे करतंय कोण?' हा शेवटपर्यंत टांगलेला प्रश्न. तरी एक आवडला म्हणजे दुसरा आवडेलच असं नाही. एकच बघणार असाल तर मी 'डीप रेड' सांगेन, आणि तोही पूर्ण लांबीचा. शेवट न फोडता कारणं देते.

आधी बाव्हा. रोममधलं एक उंची फॅशन हाऊस, तिथल्या इसाबेला नावाच्या मॉडेलचा वादळी रात्री खून होतो आणि मग तिची डायरी सापडते. डायरीत सगळ्यांची अंडीपिल्ली. फॅशन शो चालू आहे, ती डायरी एका काळ्या पर्समध्ये आहे, मुली कपडे बदलत ये-जा करताहेत, आणि खोलीतल्या प्रत्येकाची नजर फिरून फिरून त्या पर्सवर येते. ना रक्त, ना किंकाळी, तरी आपण श्वास रोखून बसतो. रहस्यपट म्हणून या चित्रपटातला मला सर्वांत आवडलेला प्रसंग हाच.

पण हा चित्रपट लोक बघतात तो रंगांसाठी. बाव्हा मुळात कॅमेरामन, आणि ते प्रत्येक चौकटीत दिसतं. पुराणवस्तूंच्या दुकानातला खून बघा. बाहेरच्या दिव्याची उघडझाप होतेय, त्या तालावर आतल्या जुन्या मूर्ती, चिलखतं, पडदे कधी हिरवे तर कधी जांभळे होतात, आणि मुलगी अंधार व उजेडाच्या पट्ट्यांमधून वाट काढते. उजेडात आली की आपल्याला तिचा चेहरा दिसतो आणि आपल्याला दिसला म्हणजे खुन्यालाही दिसला. पैसे इतके कमी होते की खेळण्यातल्या गाडीवर कॅमेरा ठेवून तो फिरवला, असं सांगतात. पडद्यावर त्या गरिबीचा मागमूस नाही.

मग अडतं कुठे? माणसांपाशी. चित्रपटातल्या सहा स्त्रिया पडद्यावर येतात त्या मरण्यासाठीच. कोणाला काय आवडतं, कोण कोणाची मैत्रीण, कोणाला घरी कोण आहे, हे कळायच्या आत तिचा नंबर लागतो. तिसऱ्या खुनापर्यंत मी दिवे आणि कपडे बघत होते, त्या बाईसाठी जीव तुटत नव्हता. एवढ्या क्रूर चित्रपटात हे मला खटकतं, कारण तापलेल्या शेगडीवर चेहरा दाबण्याचा प्रसंग नुसता देखणा असून चालत नाही. इन्स्पेक्टर सगळ्यांना गोळा करून चौकशी करतो ते प्रसंगही कोरडे. त्यात इंग्रजी आवृत्तीत बहुतेक पुरुषांना पॉल फ्रीस या एकाच कलाकाराचा आवाज आहे, त्यामुळे कानाला सगळे संशयित सारखेच लागतात. जमेची बाजू ही की सगळा मामला दीड तासाच्या आत आटोपतो.

'डीप रेड'चं वेगळेपण

आर्जेन्तोच्या चित्रपटात मार्कस (डेव्हिड हेमिंग्ज) हा इंग्रज पियानोवादक रात्री चौकातून वर बघतो आणि खिडकीत एका बाईचा खून होताना त्याला दिसतो. तो धावत वर जातो. फ्लॅटच्या लांब बोळात भिंतीवर चित्रं लागलेली आहेत. नंतर त्याला सारखं वाटत राहतं की तिथलं एक चित्र आता जागेवर नाही. पुढची सगळी कथा या एका शंकेवर उभी आहे. आणि आर्जेन्तो इथे शंभर टक्के प्रामाणिक आहे. मार्कसने जे बघितलं ते आपणही बघितलेलं असतं, लपवाछपवी काही नाही. म्हणून एक विनंती: पहिल्यांदा बघताना तो प्रसंग मागे नेऊन तपासू नका. उलगडा होईल तेव्हा त्याची पूर्ण किंमत वसूल होते.

तो चौक म्हणजे उत्तर इटलीतल्या तोरिनो (ट्युरिन) शहराचा पियात्सा सीएलएन. कथा रोममध्ये घडते असं धरून चालायचं, पण चित्रीकरण बरंचसं तोरिनोचं, आणि पो व दोरा या नद्यांच्या भल्यामोठ्या पुतळ्यांमुळे माणसं तिथे मुंगीएवढी दिसतात. शेजारचा काचेचा बार अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपरच्या 'नाइटहॉक्स' चित्रावरून खास उभारलेला. संगीत गॉब्लिन या रॉक बँडचं आणि जॉर्जो गास्लिनीचं. गॉब्लिनची धून सुरू झाली की खून जवळ आला हे कळतं आणि तरी दचकायला होतं.

हिंसा बाव्हापेक्षा जास्त रक्ताळ आहे, हे आधीच सांगायला हवं. ती अंगावर येते, कारण तिच्यातली वेदना ओळखीची असते: फर्निचरच्या कडेवर आपटणं, उकळतं पाणी. एका बाईला न्हाणीघरात कढत पाण्यात बुडवून मारतात. मरता मरता ती वाफ धरलेल्या भिंतीवर बोटाने काही लिहिते. वाफ विरते, अक्षरं जातात. नंतर मार्कसला मदत करणारे प्राध्यापक जोर्दानी तिथे येतात, गरम पाण्याचा नळ सोडतात आणि अक्षरं हळूहळू उमटायला लागतात. खुनाचं हत्यारच पुरावा होतं. ही सुबकता बाव्हाच्या पटकथेत नाही.

दोष आहेत, आणि लहान नाहीत. जुन्या बंगल्यात मार्कस भिंतीचा गिलावा खरवडत बसतो तो भाग ताणलेला आहे. काही धागे निव्वळ योगायोगाने हाती लागतात, पोलिसांचा उपयोग शून्य. चालत येणारा यांत्रिक बाहुला भयंकर घाबरवतो, पण खुन्याने हा खटाटोप का करावा याला उत्तर नाही. मनोविकार म्हणजे खून हे जुनं समीकरणही आज पटत नाही.

लांब प्रत की छोटी?

निर्णय इथे चुकतो. इटालियन प्रत सुमारे 126 मिनिटांची, परदेशी पाठवलेली साधारण 105 ची. छोटी प्रत वेगवान आहे हे खरं, पण कात्री मुख्यतः लागली ती मार्कस आणि पत्रकार जान्ना (दारिया निकोलोदी) यांच्या थट्टामस्करीला. बायका नाजूक असतात असं तो ऐकवतो आणि ती त्याला पंजा लढवून हरवते. तिच्या खटारा फियाटमध्ये त्याची सीट खचते आणि तो खिडकीखाली बुडून बसतो. रहस्याच्या दृष्टीने हे अनावश्यक म्हणता येईल. पण जान्ना आपली वाटते ती या प्रसंगांमुळेच, आणि ती धोक्यात आली की पोटात गोळा येतो तोही त्यामुळेच. बाव्हाकडे जे नाही, तेच छोट्या प्रतीने कापून टाकलं आहे.

आवाज इटालियन ठेवा आणि सबटायटल्स लावा. तेव्हाच्या इटलीत संवाद नंतर डब करायची पद्धत होती, त्यामुळे ओठांचा मेळ कुठल्याच भाषेत पूर्ण बसत नाही. लांब प्रत इंग्रजीत लावली तर डब न झालेल्या प्रसंगांत पात्रं मध्येच इटालियन बोलू लागतात आणि रसभंग होतो.

छायाचित्रण, नेपथ्य, वेशभूषा यांत रस असेल किंवा हाताशी दीडच तास असेल, तर मात्र खुशाल बाव्हापासून सुरुवात करा. रक्त बघवत नसेल तरी तोच त्यातल्या त्यात सोसेल, शेगडीचा प्रसंग तेवढा सोडून. फक्त प्रत रिस्टोअर केलेली घ्या. जुन्या, विटलेल्या प्रतीत हिरवा आणि जांभळा दोन्ही मातकट दिसतात, आणि रंग गेले तर या चित्रपटात बघण्यासारखं फारसं उरत नाही.