ट्वीटमधून बातमी: ठरलेला विषय की खुला शोध?

ट्वीटमधून घटना आपोआप ओळखायच्या दोन पद्धती: विषय आधी ठरवून त्यावरच लक्ष ठेवायचं, किंवा विषय न ठरवता जे काही नवं दिसेल ते टिपायचं. दोन्ही पद्धतींवरचे गाजलेले शोधनिबंध २०१० सालचेच.

टोकियो विद्यापीठातल्या ताकेशी साकाकी आणि सहकाऱ्यांनी एकच विषय धरला: भूकंप. भूकंपाचा उल्लेख असलेली ट्वीट गोळा करायची, मग संगणकाला फरक शिकवायचा. ‘आत्ता हादरा बसला’ हे कामाचं. ‘भूकंपावरच्या परिषदेला चाललोय’ हे नाही. जपानी हवामान संस्थेच्या मोजपट्टीवर ३ किंवा त्याहून जास्त तीव्रतेचे ९६ टक्के भूकंप या पद्धतीने पकडले. पण या यंत्रणेला पूर आला तरी पत्ता लागणार नाही.

एडिनबरा विद्यापीठातल्या साशा पेट्रोविच यांच्या गटाने विषय आधी ठरवलाच नाही. येणारं प्रत्येक ट्वीट जुन्यांशी ताडून बघायचं. जवळपासचं काहीच सापडलं नाही, तर ती नवी घटना. सगळ्यांशी तुलना करत बसणं अशक्य, म्हणून हॅशिंगने, म्हणजे मजकुरावरून छोटा सांकेतिक आकडा काढून, सारखी ट्वीट एकाच कप्प्यात पडतील अशी सोय केली. अडचण कचऱ्याची: स्पॅमही ‘नवा’च दिसतो. त्यावर किती ट्वीट यापेक्षा किती वेगवेगळी माणसं बोलताहेत, हे मोजणं जास्त उपयोगी ठरलं. मला हा धडा फार मोलाचा वाटतो.

आपत्तीच्या इशाऱ्यासाठी मी पहिलीच पद्धत निवडेन. वृत्तकक्षासाठी दुसरी, पण खातरजमा करणारा बातमीदार सोबत हवाच.