'व्हिक्सन!'ची फोर-के डिस्क: सिनेमापेक्षा खटला भारी

अमेरिकी दिग्दर्शक रस मायरचा कामुक सिनेमा 'व्हिक्सन!' (१९६८) डिस्क काढणाऱ्या सेव्हरिन फिल्म्स कंपनीने २०२५ मध्ये फोर-के डिस्कवर आणला. प्रत मूळ निगेटिव्हवरून काढलेली आहे आणि डागडुजीला न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टची साथ आहे. मायरची स्वतःची आरएम फिल्म्स वर्षानुवर्षं जुन्या व्हिडिओ मास्टरच्या मळकट प्रती चढ्या भावाने विकत होती. ज्यांनी त्याच पाहिल्यात, त्यांनी मायर पाहिलाच नाही म्हणायचं. हा माणूस दुसऱ्या महायुद्धात लष्कराचा कॅमेरामन होता, नंतर 'प्लेबॉय'चा फोटोग्राफर. 'व्हिक्सन!'चा कॅमेराही त्यानेच चालवला. बाहेरचा कडक उजेड, जमिनीलगतचा कॅमेरा, पटापट तुटणारे शॉट यांतली कारागिरी स्वच्छ प्रतीतच दिसते.

सिनेमा जेमतेम ७१ मिनिटांचा. फक्त प्रौढांसाठी हे सांगायला नकोच, पण दोन गोष्टी आधी माहीत असाव्यात: नायिकेच्या तोंडची वर्णद्वेषी भाषा आणि भाऊ-बहिणीतला प्रसंग. दोन्ही आजही अंगावर येतात. प्रणयदृश्यं मात्र अभिनय आहेत, खरी नाहीत.

खरी गंमत शेवटच्या भागात. एक आयरिश कम्युनिस्ट छोटं विमान क्यूबाला पळवायला निघतो आणि वंशभेद, साम्यवाद यांवर एकदम वादावादी जुंपते. चुकून दुसरंच रीळ लागलं की काय, असं वाटतं. कायदा लक्षात घेतला की उलगडा होतो. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९६६ च्या 'मेमॉयर्स' निकालाप्रमाणे, सामाजिक मूल्य अजिबात नाही असं दाखवल्याशिवाय अमेरिकेत कलाकृती अश्लील ठरत नव्हती. म्हणजे चार राजकीय संवाद पेरून ठेवले की कोर्टात वकिलाला बोट ठेवायला जागा.

ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीत ही युक्ती चालली नाही. 'सिटिझन्स फॉर डिसेंट लिटरेचर' या अश्लीलताविरोधी संघटनेचा संस्थापक, वकील चार्ल्स कीटिंग याने सिनेमावर बंदीसाठी दिवाणी दावा लावला. निकालपत्राच्या शीर्षकात प्रतिवादी म्हणून चक्क चित्रपटाचंच नाव आहे! १९७१ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच नव्या 'मिलर' निकालाच्या उजेडात फेरविचारासाठी प्रकरण परत पाठवलं, तरी ओहायो हललं नाही. 'मिलर'ने कसोटीच बदलली होती: आता मूल्य 'गंभीर' हवं, आणि आक्षेपार्ह काय ते स्थानिक समाजाच्या मापाने ठरणार. संवाद पेरण्याची पळवाट बुजली. मायरने हातातला 'फॉक्सी' हा सिनेमा सोडून दिला तो याच सुमारास. (नीतिमत्तेचा रखवालदार कीटिंग पुढे लिंकन सेव्हिंग्ज या वित्तसंस्थेच्या घोटाळ्यात तुरुंगात गेला, हा भाग वेगळा.)

डिस्कवर या खटल्याचा वेगळा माहितीपट आहे आणि पैसे खरे वसूल होतात ते तिथे. शिवाय सिनेमासोबत ऐकायची मायरची जुनी कॉमेंट्री, नायिका एरिका गॅव्हिनची कॉमेंट्री, गॅव्हिन आणि सहकलाकार हॅरिसन पेज यांच्या मुलाखती. आधी सिनेमा, मग खटल्याचा भाग, मग गॅव्हिनच्या कॉमेंट्रीसह शेवटचा विमानप्रसंग पुन्हा, असा क्रम ठेवा.

भारतातून मागवताना: फोर-के डिस्कला रीजन कुलूप (ठराविक देशांतल्या प्लेयरवरच चालण्याचं बंधन) नसतं, पण साध्या ब्लू-रे प्लेयरवर ती चालत नाही. फोर-के प्लेयर किंवा डिस्क ड्राइव्हवाला प्लेस्टेशन ५ लागतो. प्लेस्टेशन ४ चालणार नाही. नुसती ब्लू-रे घेणार असाल तर रीजन तपासा. आपल्याकडचे प्लेयर 'सी', अमेरिकेचे 'ए'. दुसरी अडचण कस्टम्सची. १९६४ च्या अधिसूचनेनुसार अश्लील वस्तूंच्या आयातीला मनाई आहे, आणि पाकिटावरचं चित्र पाहूनही कुणी अडवू शकतं. याच अधिसूचनेच्या आधारे मुंबई कस्टम्सने चित्रकार सूझा आणि अकबर पदमसी यांची चित्रं जप्त केली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे म्हणत ती सोडायला लावली. पण एका डिस्कसाठी हायकोर्टात कोण जाणार? पार्सल अडकलं तर पैसे गेले असं धरूनच ऑर्डर करा. मायरचा 'सुपरव्हिक्सन्स'ही सेव्हरिनकडे आहे, पण एकाच पार्सलमध्ये सगळं मागवण्याचा मोह टाळा.