प्रवासपूर्व औषध-सल्ला: क्रॅटम घरी ठेवायला लावणारी सेवा

गेली तीन वर्षे गुडघेदुखीसाठी मी क्रॅटम या झाडाच्या पानांपासून केलेल्या कॅप्सूल घेत होते. त्यामुळे कामानिमित्त लांबचा प्रवास ठरला, तेव्हा तिकिटांच्याही आधी मला काळजी लागली ती या बाटलीची. अमेरिकेतील दोन राज्ये, तिथून सिंगापूरला विमान बदलून थायलंड आणि परतीच्या वाटेवर ऑस्ट्रेलियात चार दिवस, असा माझा मार्ग होता. सोबत झोपेसाठी अश्वगंधा आणि अधूनमधून घेतली जाणारी कावाची (पॅसिफिक बेटांवरील एका वनस्पतीच्या शामक मुळीची) पूड होती. प्रवाशांच्या औषधांची तपासणी करून लेखी सल्ला देणाऱ्या एका ऑनलाइन सेवेकडे मी हे सगळे सोपवले. हा अभिप्राय त्या सेवेविषयी आहे.

सुरुवातीलाच भरून घेतला जाणारा अर्ज मला या सेवेतील सर्वांत चांगला भाग वाटला. कुठल्या देशात जाणार एवढेच न विचारता विमान कुठे बदलणार, तिथे सामान ताब्यात घेऊन पुन्हा जमा करावे लागणार का, आणि विमान रद्द होऊन मुक्काम पडला तर विमानतळाबाहेर यावे लागेल का, हेही त्यात विचारले होते. प्रत्येक बाटलीच्या चारही बाजूंचे फोटो, वनस्पतीचे शास्त्रीय नाव, रोजची मात्रा आणि चालू असलेल्या इतर गोळ्या, ही माहिती दिल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. तेव्हा हा काटेकोरपणा मला जाचक वाटला होता, पण पुढे प्रत्येक उत्तराचा उपयोग झाला.

त्यानंतर फार्मासिस्टबाईंशी व्हिडिओवर सविस्तर बोलणे झाले. त्यांनी आधी स्पष्ट केले की क्रॅटम म्हणजे मित्रागायना स्पेसिओसा या आग्नेय आशियातील झाडाची पाने. हे झाड कॉफीच्याच कुळातले आहे, परंतु त्यातील मित्राजायनिन आणि ७-हायड्रॉक्सीमित्राजायनिन ही द्रव्ये मेंदूतील ओपिऑइड ग्राहींवर, म्हणजे अफूजन्य द्रव्ये जिथे परिणाम करतात त्याच जागांवर, काम करतात. त्यामुळे बाटलीवर ‘हर्बल’ किंवा ‘नैसर्गिक’ असे छापलेले असले, तरी सीमाशुल्क अधिकारी तिकडे लक्ष देत नाहीत. त्यांच्या यादीत वनस्पतीचे किंवा त्या द्रव्याचे नाव आहे का, एवढेच ते पाहतात.

मग मार्गाचा एकेक टप्पा घेतला. थायलंडने 1943 पासूनची बंदी उठवून ऑगस्ट 2021 मध्ये क्रॅटम अमली पदार्थांच्या यादीतून काढले आणि 2022 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. 18 वर्षांखालील व्यक्तींना आणि गरोदर किंवा स्तनदा मातांना त्याची विक्री करण्यास त्या कायद्याने मनाई आहे, आणि पानांची आयात-निर्यात करायला परवाना लागतो. म्हणजे तिथे पानांचा काढा उघडपणे मिळत असला, तरी तीच पाने बॅगेत घालून देशात आणण्याची किंवा बाहेर नेण्याची मुभा त्यातून मिळत नाही. शेजारच्या मलेशियात त्याला केतुम म्हणतात आणि तिथे ते 1952 च्या विष कायद्याखाली येते. सिंगापूरमध्ये तर मित्राजायनिन ‘अ’ वर्गातील नियंत्रित द्रव्य आहे, आणि तेथील नागरिकांनी व कायम रहिवाशांनी ते परदेशात सेवन केले तरी गुन्हा ठरतो. विमानतळावर तीनच तास थांबायचे असल्याने सिंगापूरचा मी विचारही केला नव्हता. माझ्या प्रवासातले सर्वांत धोक्याचे ठिकाण तेच निघाले. ऑस्ट्रेलियात 2005 पासून क्रॅटम नवव्या अनुसूचीत, म्हणजे प्रतिबंधित द्रव्यांत आहे.

यातून निघणारा निष्कर्ष त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितला: या मार्गावर क्रॅटम कोणत्याही रूपात नेता येणार नाही. मी थोडा वाद घातला. मूळ वेष्टन, प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर काय, असे विचारले. त्यावरचे त्यांचे उत्तर मला फार मोलाचे वाटते. डॉक्टरांची चिठ्ठी उपयोगी पडते ती मान्यताप्राप्त औषधाला, कारण अशा औषधांसाठी बहुतेक देशांनी प्रवाशांना ठराविक सवलत ठेवलेली असते. क्रॅटम हे मान्यताप्राप्त औषध नसल्यामुळे ती सवलत त्याला लागू होत नाही. उलट जिथे बंदी आहे तिथे चिठ्ठी आणि प्रमाणपत्र पुढे केले, तर आपल्याजवळ नेमके काय आहे याची आपणच लेखी कबुली दिल्यासारखे होते. कॅप्सूल जीवनसत्त्वांच्या बाटलीत भरून न्याव्यात, असले सल्ले काही लोक सर्रास देतात. त्याबाबत त्या कठोर होत्या. वस्तू लपवली की चूक अजाणता झाली असे म्हणण्याची जागाच उरत नाही. ज्या बॅगेतून आजवर क्रॅटम नेले ती बॅग या प्रवासात वापरू नये, ही बारीक सूचना मला स्वतःला कधीच सुचली नसती.

कावाच्या बाबतीत चित्र अगदी उलटे निघाले. ऑस्ट्रेलियात 18 वर्षांवरील प्रवाशाला स्वतःच्या वापरासाठी सामानातून 4 किलोपर्यंत कावा नेता येतो. पूर्वी ही मर्यादा 2 किलो होती. मात्र तो वनस्पतिजन्य पदार्थ असल्याने आगमनाच्या वेळी घोषणापत्रात नोंदवावा लागतो. केबिन बॅगेत 350 मिलिलिटरपेक्षा जास्त पूड असेल तर अमेरिकेतील सुरक्षा तपासणीत ती वेगळी काढून दाखवावी लागते, म्हणून कावा मोठ्या बॅगेत मूळ वेष्टनात ठेवण्याचे ठरले. अश्वगंधेला माझ्या मार्गावर अडचण नव्हती, पण डेन्मार्कने 2023 मध्ये तिच्यावर बंदी घातली आहे हे त्यांनी सांगितले, तेव्हा मी खरोखर चकित झाले. आपल्याला घरगुती वाटणारी मुळीसुद्धा प्रत्येक प्रवासाआधी नव्याने तपासावी लागते.

संभाषणाचा उरलेला भाग आरोग्याविषयी होता आणि या सेवेबद्दल मला आदर वाटतो तो त्यामुळे. क्रॅटम नेता येणार नाही म्हटल्यावर मी ते निघण्याच्या आदल्या दिवशी बंद करणार होते. रोज घेणाऱ्याने ते एकदम थांबवले, तर अस्वस्थता, निद्रानाश, अंगदुखी, नाक गळणे, चिडचिड असा त्रास होऊ शकतो, आणि हे सगळे लांबच्या विमानप्रवासात आणि अनोळखी गावात सोसावे लागले असते. त्यांनी माझ्या संमतीने माझ्या डॉक्टरांना पत्र लिहिले आणि प्रवासाच्या सहा आठवडे आधीपासून मात्रा हळूहळू उतरवण्याची योजना डॉक्टरांनी आखून दिली. त्याच पत्रात आणखी एक गोष्ट होती. मी रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल घेते. शरीरातील ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) ही गोळी निष्प्रभ होते, त्याच विकराला मित्राजायनिन अडवते आणि त्यामुळे गोळीची रक्तातील पातळी वाढू शकते. तीन वर्षांत हे मला कोणी सांगितले नव्हते, कारण क्रॅटम घेत असल्याचे मीच डॉक्टरांना सांगितले नव्हते. ती चूक पूर्णपणे माझी होती.

आता उणिवा. पहिल्या लेखी अहवालात अमेरिकेची एकच ओळ होती: ‘केंद्रीय पातळीवर बंदी नाही’. हे विधान खरे असले, तरी प्रवाशाला ते अपुरे आणि म्हणून धोकादायक आहे. अलाबामा, आर्कान्सा, इंडियाना आणि विस्कॉन्सिन या राज्यांत क्रॅटमवर बंदी घातली गेली आहे, तर कॅलिफोर्नियासारख्या राज्यात राज्यव्यापी बंदी नसताना सॅन डिएगो शहराने 2016 मध्ये स्वतःची बंदी आणली. शिवाय क्रॅटम असलेली आहारपूरके सीमेवरच अडवून ठेवण्याची सूचना तेथील अन्न व औषध प्रशासनाने 2014 पासून देऊन ठेवली आहे. मी विचारणा केल्यावर दोन दिवसांत सुधारित अहवाल आला, आणि त्यात राज्य, परगणा व शहर असे तिन्ही स्तर होते. ज्याला विचारावे हे सुचले नसते, तो मात्र त्या एका ओळीवर विसंबून मोटारीने राज्याची सीमा ओलांडून गेला असता. पैसे घेऊन दिलेल्या अहवालात अशी त्रुटी राहायला नको होती.

दुसरी उणीव तारखांची. कोणता नियम कोणत्या दिवशी तपासला, हे प्रत्येक नोंदीपुढे लिहिलेले नसते. अहवालावर एकच तारीख असते. ज्या वनस्पतीला एका देशाने 78 वर्षांनी मोकळीक दिली आणि इतरत्र जिच्याविषयी नवनवे कायदे होत आहेत, तिच्या बाबतीत निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा तपासणी करून देणे हा सेवेचाच भाग असायला हवा. आज त्यासाठी वेगळे शुल्क पडते.

माझ्याकडच्या झोपेच्या एका मिश्र कॅप्सूलवर घटकांची नावे होती, पण प्रत्येकाचे प्रमाण नव्हते. ती घरीच ठेवा, एवढेच उत्तर मिळाले. ते योग्यच होते.

ज्यांचा प्रवास एकाच देशात जाऊन परत येण्याचा आहे, त्यांनी त्या देशाच्या सीमाशुल्क खात्याचे आणि औषध नियामकाचे अधिकृत नियम स्वतः वाचले, गरज पडल्यास दूतावासाला लेखी विचारले, तर या सेवेवाचून त्यांचे अडणार नाही. दोन-तीन ठिकाणी विमान बदलणाऱ्यांनी आणि रोज क्रॅटम घेणाऱ्यांनी मात्र ही सेवा जरूर घ्यावी, आणि निघण्याच्या किमान दोन महिने आधी घ्यावी, कारण मात्रा उतरवायला तेवढा वेळ लागतो. मी क्रॅटमविना गेले. सिंगापूरला माझी बॅग उघडून तपासली गेली, ऑस्ट्रेलियात घोषणापत्रावर कावाची नोंद केल्यावर अधिकाऱ्याने वेष्टन पाहिले आणि दोन मिनिटांत मला पुढे जाऊ दिले. गुडघा थायलंडमध्ये दुसऱ्या दिवसापासून दुखत होता. त्यासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली साधी वेदनाशामक गोळी आणि गुडघ्याचा पट्टा यांवर मी पंधरा दिवस काढले, आणि परतल्यावर क्रॅटम पुन्हा सुरू करायचे की नाही, यावर डॉक्टरांशी माझे बोलणे अजून चालू आहे.